जगातली सगळ्यात हलकी वेबसाइट

३ ऑक्टोबर, सकाळ

मेहुण्याने वेबसाइटचं टेम्पलेट दाखवलं. डोकं फिरलं.

आधी पांढऱ्या पडद्यावर नुसता एक गोल फिरत राहिला. मी चहा संपवला, कप विसळला, परत आलो, तरी गोल फिरतोच आहे. मग डावीकडून एक सोफा घसरत आला. उजवीकडून दुसरा. मध्ये 'आमच्या जगात आपलं स्वागत' हे एकेक अक्षर करून टपकायला लागलं. यांच्या जगात शिरायलाच अर्धी सकाळ जाते. मेहुणा म्हणे, हलणारं काही असलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं. गिऱ्हाईक काय पाळण्यात झोपलंय?

मूळ मुद्दा असा. आमची ही वेताच्या खुर्च्या विणते. बैठक फाटली की लोक खुर्ची उचलून हिच्याकडे येतात. आता जुन्या नाट्यगृहाच्या बाल्कनीतल्या सगळ्या खुर्च्या नव्याने विणायच्या आहेत आणि त्यांची समिती वीस तारखेला कारागिरांच्या वेबसाइट बघून काम कुणाला द्यायचं ते ठरवणार आहे. व्यवस्थापकाने स्वतः फोन केला होता. तुमचंच नाव वर आहे, म्हणाले, समितीपुढे दाखवायला फक्त वेबसाइट हवी. काम मिळालं तर ही इमारतीखालचा रिकामा गाळा भाड्याने घेणार. खुर्च्या घराबाहेर जातील. मला माझी बाथरूम परत मिळेल. तिथल्या टबात कायम वेत भिजत असतो आणि मी कोपऱ्यात उभा राहून चोरासारखी अंघोळ करतो.

आणि हिने वेबसाइटचं सांगितलं कुणाला? भावाला. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या भावाला. घरात मी असताना.

मी अठरा वर्षं कंपनीच्या संगणक विभागात काढली. माझ्या सहीशिवाय त्या इमारतीत एक माऊस हलला नाही. कीबोर्ड, केबल, प्रिंटरची शाई, सगळं माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली. शेवटी राजीनामा तोंडावर फेकून आलो. साहेब आदल्याच दिवशी म्हणाले होते की तुम्ही राजीनामा दिलात तर सगळ्यांनाच बरं पडेल. म्हणजे माझं म्हणणं त्यांनाही पटलं होतं.

ठरवलं. वेबसाइट मी करणार. मेहुण्याला तसं सांगितलं. तो म्हणे, भावजी, करा, पण वेळेत करा. या 'पण'चाच मला राग येतो.

५ ऑक्टोबर

दिवसभर वाचन. संताप, संताप.

एक वेबसाइट उघडली की कुठेतरी लांब, मोठमोठ्या खोल्यांत ठेवलेली यंत्रं वीज खातात. ती तापतात, म्हणून त्यांना गार करायला आणखी वीज. हे सगळं कशासाठी, तर मेहुण्याचा सोफा डावीकडून यावा म्हणून. सोफ्याला जागेवर बसता येत नाही का? नाहीतरी त्याचं कामच ते आहे.

पर्यावरणाला झेपेल अशी साइट करायची तर नियम सोपे आहेत. फोटो कमी. सजावटीची अक्षरं नकोत. हलणारं काही नको. काळा पडदा कमी वीज खातो. आणि जी साइट हलकी तीच वेगाने उघडते. इतकं सरळ आहे आणि जगात कुणाला कळत नाही.

हिला सगळं समजावून सांगितलं. ती खुर्चीवर वाकली होती आणि तोंडात लाकडी खुंट्या धरलेल्या होत्या, म्हणून काही बोलली नाही. ही मूक संमती.

६ ऑक्टोबर

'हिरवं पान' नावाचं पर्यावरणस्नेही टेम्पलेट सापडलं. पहिल्याच पडद्यावर हिरव्या पानाचा फोटो. त्या पानाचं वजन बाकीच्या अख्ख्या वेबसाइटपेक्षा जास्त! बनवणाऱ्याला कडक शब्दांत तक्रार लिहिली. भरपूर मुद्दे काढले. त्याचं उत्तर आलं: अंगठा.

अंगठा! वर आणि पिवळा.

९ ऑक्टोबर

दुसरं टेम्पलेट. चाचणी केली. वेग आणि हलकेपणा मिळून शंभरपैकी एकसष्ट. मेहुण्याच्या सोफ्याची चाचणी केली तर चौतीस. हिला सांगितलं, खालच्या कुलूपवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. कुलूपवाल्याने किल्ली घासता घासता विचारलं की एकसष्टला पास करतात का. खोचक माणूस. पण प्रश्न बरोबर होता. एकसष्ट म्हणजे काठावर पास. मी काठावरचा माणूस नाही.

ठरवलं: शंभर. शंभराच्या खाली एकही मार्क चालणार नाही.

११ ऑक्टोबर

आज फोटोंवरून वाद.

हिने फोटो दिले. फाटलेली खुर्ची, मग तीच विणलेली खुर्ची. झोके घ्यायची आरामखुर्ची, तिच्या पाठीवर चांदणीची वीण. ती वीण हिची स्वतःची, दुसऱ्या कुणाला येत नाही. हे सगळं ती सांगतेच, दर वेळी. फोटो बरे आहेत, पण एकेकाचं वजन असं की साइट जागची उठणार नाही. मी दाबायला घेतले. थोडे दाबले, वजन उतरेना. आणखी दाबले. शेवटी विणीतली भोकंच बुजली आणि चांदणीची खुर्ची प्लायवूडची दिसायला लागली.

म्हणून फोटो काढून टाकले. सरळ हिशेब.

ही म्हणाली, लोकांना वीण बघायची असते, वीण दिसली नाही तर ते काय बघून काम देणार? मी म्हटलं, कल्पना करतील. कल्पनेला वजन नसतं. मग म्हणाली, निदान फोन नंबर तरी नीट घाल. फोन नंबर! नाट्यगृहाकडे हिचा नंबर आहेच, जुन्या गिऱ्हाइकांकडे आहे. तेच तेच आकडे पुन्हा जगभर फिरवायचे, ही उधळपट्टी नाही तर काय?

बाथरूममध्ये आज टबासोबत बादलीतही वेत. अंघोळ रद्द.

१३ ऑक्टोबर

मेहुण्याने परस्पर साइट बनवली आहे. एका संध्याकाळी. फोटो, नंबर, नकाशा, सगळं घातलंय म्हणे. एकदा बघून तर घ्या, म्हणाला. मी बघितली नाही. बघायची तर तेवढी वीज जाणार. तत्त्व म्हणजे तत्त्व.

वर त्याने विचारलं, भावजी, तुमची साइट नक्की कशासाठी आहे? या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. त्याच्या पातळीवर उतरायला मला वेळ नाही. तो रोज सकाळी मला उगवत्या सूर्याचे फोटो पाठवतो. हा माणूस मला कमी वजनाचं महत्त्व शिकवणार? आजपासून त्याचे संदेश बंद करून टाकले.

१५ ऑक्टोबर

सापडलं.

शोधून शोधून डोळे चुरचुरत होते, तेवढ्यात समोर आलं. काळी पाटी. मधोमध एक लहान फोटो, खाली नाव, त्याखाली सालं, त्याखाली एक ओळ. बस्स. ना मेन्यू, ना बटणं, ना घसरणारे सोफे. बघताक्षणी मन शांत झालं. गेल्या कित्येक दिवसांत मला असं शांत वाटलं नव्हतं. कुणीतरी विचारी माणसाने केलेलं दिसतंय.

नमुन्यात एका चष्मेवाल्या आजोबांचा फोटो आहे. चेहरा प्रेमळ. कंपनीचे संस्थापक असावेत. हजारो लोक हे टेम्पलेट वापरतात. काही पानं उघडून बघितली. बहुतेक धंदेवाले वयस्कर आहेत. अनुभवी माणसांना साधेपणाची किंमत असते.

एका कोपऱ्यात बारीक मेणबत्ती आहे. विजेच्या बचतीची खूण. छान कल्पना. हलत नाही, म्हणून ठेवली.

आणि फुकट. कायमचं फुकट, असं ठळक लिहिलंय. याला म्हणतात टिकाऊपणा.

१६ ऑक्टोबर

काम जोरात.

नमुन्यात सर्वांत वर इंग्रजीत तिरक्या, वळणदार अक्षरांची एक ओळ होती. सजावटीची अक्षरं! काय लिहिलंय ते बघायच्या भानगडीत न पडता उडवली. लगेच मार्क वाढले.

फोटो हिचा घातला. ओळखपत्रावरचा. रंग काढून टाकले, रंगांना वजन असतं. हसराही एक होता, तो नको. धंद्यात गांभीर्य पाहिजे.

सालांचे दोन रकाने आहेत आणि दोन्ही भरावेच लागतात. पहिल्यात हिने विणायला सुरुवात केली ते साल घातलं. दुसऱ्यात काय घालावं कळेना, म्हणून यंदाचं घातलं. माहिती ताजी आहे हे लोकांना दिसलं पाहिजे.

खालची ओळ आधी अशी लिहिली होती: 'यांनी विणलेल्या खुर्च्या वर्षानुवर्षं टिकतात, एकदा विणून बघा, आम्ही सदैव आपल्या सेवेत.' फार बडबड. छाटत छाटत इथवर आणली: 'त्यांनी विणलेलं टिकून आहे.' आता एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही.

सर्वांत खाली 'आपल्या भावना लिहा' अशी चौकट आहे. गिऱ्हाइकांच्या अभिप्रायासाठी. ठेवली.

चाचणी केली. शंभर.

पुन्हा केली. शंभर.

घरात सांगायला गेलो तर ही टबात हात घालून बसलेली. म्हटलं, बघ. म्हणाली, हात ओले आहेत, तू केलंयस ना, मग नीटच असेल. बघितलंसुद्धा नाही. शंभर मार्क पडले आणि घरात साधी दाद नाही. असो. विश्वास आहे तिचा, हेही कमी नाही.

१७ ऑक्टोबर

साइट सुरू. नाट्यगृहाला पाठवली. हिच्या जुन्या गिऱ्हाइकांना पाठवली. माझ्या जुन्या ऑफिसातही सगळ्यांना पाठवली, साहेबांसकट. कळू दे. मेहुण्याला मुद्दाम पाठवली नाही.

तासाभरात अभिप्राय यायला लागले. लोक हेलावून गेलेत. एका बाईंनी लिहिलंय की पान उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. एका गृहस्थांना शब्दच सुचले नाहीत. डिझाइन काय करू शकतं ते बघा! मेहुण्याचा सोफा बघून कुणी रडल्याचं ऐकलंय का?

साहेबांचा मला थेट संदेश. कळलं, फार वाईट वाटलं, काही लागलं तर निःसंकोच सांगा. हा माणूस. इतकी वर्षं ताठ. आता वाईट वाटतंय. वाटू दे. मी उत्तर दिलेलं नाही. जरा तिष्ठत राहू दे.

१९ ऑक्टोबर

अभिप्रायांचा ढीग. वाचायला वेळ नाही, पण आकडा बघतो.

हिचा फोन परवापासून वाजलेला नाही. एरवी सारखा वाजायचा, खुर्ची झाली का, कधी देता, किती दिवस. ही म्हणाली, फोन बिघडला की काय. मी म्हटलं, साइट इतकी स्पष्ट आहे की लोकांच्या शंकाच संपल्या. तिने भुवया उंचावल्या आणि कामाला लागली.

उद्या समिती. मला तिळमात्र काळजी नाही. काळजी त्या दुसऱ्या कारागिरांनी करावी, त्यांच्या जड साइट उघडेपर्यंत समिती म्हातारी होईल.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ

काही कळलं नाही. कळवायला एवढा वेळ? साधी साइट बघायची आणि हो म्हणायचं. सरकारी खाक्या. ही दर थोड्या वेळाने फोन उलटा करून बघते आहे, चालू आहे ना म्हणून.

२१ ऑक्टोबर, दुपार

नाट्यगृहाकडून फुलं! पांढरी, मोठा गुच्छ. काम मिळालं.

आणणारा मुलगा विचित्र होता. दार मी उघडलं तर त्याने टोपी काढली, हळू आवाजात काहीतरी पुटपुटला आणि बक्षीस न घेता गेला. फुलांवर मात्र माझा आक्षेप आहे. शीतपेटीतून आणायची, गाडीने पाठवायची, दोन दिवसांत फेकायची. पर्यावरण समजणाऱ्या माणसाला फुलं पाठवतात? समितीला हे एकदा नीट लिहावं लागेल.

ही मात्र फार खूश. फुलं टबात वेताशेजारी ठेवली. ओले हात पुसून खाली जाऊन गाळा बघून आली. खिडकी कुठल्या बाजूला आहे, टब कुठे मावेल, सगळं मला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी इतकं बोलली. आता व्यवस्थापकांना आभाराचा फोन करते आहे.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

व्यवस्थापकाने फोन कापला. हिने नाव सांगितलं आणि त्याने कापला. दुसऱ्यांदाही तेच. काय उर्मट माणूस! तिसऱ्यांदा म्हणाला की बाई, अशा प्रसंगी चेष्टा करणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

हिने विचारलं, कसला प्रसंग?

मग बराच वेळ ती नुसतं ऐकत होती. फोन ठेवला. माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाली, साइट दाखव.

२२ ऑक्टोबर

मी संतापलेलो आहे आणि माझा संताप रास्त आहे.

ते टेम्पलेट गेलेल्या माणसांच्या आठवणीचं पान करण्यासाठी असतं. हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. फक्त त्या वरच्या तिरक्या ओळीत लिहिलं होतं. एवढी महत्त्वाची गोष्ट सजावटीच्या अक्षरांत लिहितात? दोष कुणाचा?

आणि समिती! शिकलेली माणसं. पडद्यावर साइट लावली, सगळे उठून दोन मिनिटं उभे राहिले, खाली बसले आणि काम दुसऱ्या कारागिराला देऊन टाकलं. सह्या झाल्या. आता बदलता येत नाही. व्यवस्थापक म्हणाले, यादीत पहिलं नाव तुमचंच होतं हो. एक फोन करून खात्री करायला काय झालं होतं? तर म्हणे, साइटवर फोन नंबर नव्हता, आणि जुन्या नंबरवर करायचं धाडस होईना.

टेम्पलेटवाल्यांना लिहिलं की पान ताबडतोब काढा, बाई जिवंत आहेत. उत्तर आलं की या कठीण काळात आम्ही तुमच्या भावना समजू शकतो, आमची पानं कायमची असतात.

मेहुणा आला. पान बघून हसायला लागला. मग बहिणीच्या तोंडाकडे बघितलं आणि पान बंद केलं. त्याने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं, मी उत्तर तयार ठेवलं होतं. ही पण भांडली नाही. इतकंच म्हणाली की मी हात पुसून बघायला हवं होतं.



२३ ऑक्टोबर

ती दिवसभर अभिप्राय वाचत बसली. विणकाम नाही. मोठ्याने वाचत होती, म्हणून मला ऐकावं लागलं. कुणाच्या वडिलांची खुर्ची हिने विणली होती, ते शेवटपर्यंत तीच वापरायचे. एका बाईंनी लिहिलंय की चांदणीच्या पाठीची खुर्ची मुलीला द्यायची म्हणून जपून ठेवली आहे. ही हसत होती आणि डोळेही पुसत होती. म्हणाली, जिवंतपणी यातल्या एकाने तोंडाने सांगितलं नाही.

बहुतेक सगळ्यांना ती जिवंत असल्याचा फोन करावा लागतो आहे. पहिल्यांदा कुणाला खरं वाटत नाही.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी फोन घेतला. माझ्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते बघायला. इतक्या माणसांत कुणीतरी लिहिलं असणारच. खाली खाली गेलो. एकाने लिहिलं होतं. माझ्या जुन्या ऑफिसातलाच, शेजारच्या टेबलवरचा.

'मागे नवरा आहे. त्याचं कसं होणार आता? तिच्यामुळेच निभत होतं.'

खाली बऱ्याच जणांनी हात जोडले आहेत. साहेबांनीसुद्धा.

२५ ऑक्टोबर

ती ओळ काढायचा प्रयत्न केला. निघत नाही. पान कायमचं आहे.

चाचणी केली. एकाहत्तर. अभिप्रायांमुळे वजन वाढलं.

सकाळी खाली कुलूपवाला नवी किल्ली घासत होता. गाळ्याची, म्हणाला. कुणी औषधवाला येतोय. हिला सांगू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी सांगतो. जिने चढलो आणि दारात नुसता उभा राहिलो. तिने मान वर न करता विचारलं, गाळा गेला ना? हो म्हटलं. लाज वाटली. अजून वाटते आहे. यात टेम्पलेटवाल्याला कुठे बसवावं ते सुचत नाही.

मेहुण्याची साइट सुरू झाली. बघितली. गोल फिरत होता तोवर थांबलो. मग चांदणीची खुर्ची आली. भोकन् भोक दिसतंय.

दुपारी तक्रार लिहायला बसलो होतो. कुणाविरुद्ध ते ठरत नव्हतं. बाथरूममधून हिने हाक मारली, वेताचं टोक धरायला. धरलं. घट्ट धर, म्हणाली. घट्ट धरलं.